दवाखान्यातल्या आपल्या माणसांची युनियन

(पावसाआधीच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)



मेळाव्याच्या पत्रकात आमचा विषय 'दवाखान्यातील कामगारांचा लढा' असा छापलाय. ते वाचून घेऊन आमच्याच पाड्यावरचे एक आजोबा सकाळी आम्हाला म्हणाले, "आपला लढा जमनीचा. दावे तहसीलात पडलेत, तपासणीला कोणी येत नाय, गार्ड रोज नवीन खोटं काढतो. त्यात ह्या दवाखान्याचं लचांड कशाला?" तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण चहा यायचा होता. आजोबा समोरच बसलेत. आता उत्तर देतो.

दवाखान्याचं नाव आम्ही घेणार नाही. केस कोर्टात आहे, वकील ताईंनी तोंड आवरायला सांगितलंय. आणि नाव घ्यायची गरजही नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसला की स्टँडवरून आपण सगळे कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रस्टचा दवाखाना, दारात तुळशीवृंदावन, आणि भिंतीवर देणगी देणाऱ्यांची नावं.

आपण तिथे गेलो की डॉक्टर पाच मिनिटं दिसतो. सिस्टर सुई देऊन पुढच्या खाटेकडे जाते. बाकी दिवसभर, रात्रभर पेशंटजवळ कोण असतं? स्ट्रेचर कोण ओढतं? बेडपॅन कोण देतं आणि कोण धुतं? पोट सुटलं, रक्त सांडलं, तर फिनेल आणि फडकं घेऊन कोण येतं? ऑपरेशनच्या खोलीतल्या भरलेल्या चादरी कोण उचलतं? माणूस मेला तर त्याला खालच्या खोलीत कोण नेऊन ठेवतं? हे करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आपली माणसं आहेत. वारली आहेत, कातकरी आहेत, ठाकूर आहेत, महादेव कोळी आहेत. बाकीचे बहुतेक दलित वस्तीतले. घाण काम कुणाच्या वाट्याला द्यायचं ही रीत जुनीच आहे, दवाखान्याने ती नवीन शोधून काढलेली नाही.

आणि त्या इमारतीत आपल्या बोलीत आपल्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही. बाळंतपणाला नेलेली आपली बाई टेबलावर एकटी असते, नवऱ्याला बाहेर काढलेलं असतं, डॉक्टर काय म्हणतो ते तिला अर्धं कळतं. तेव्हा डोक्याशी उभी राहून "घाबरू नको गं, झालं, आता होईल" असं म्हणणारी बाई कोण असते ते इथल्या बायांना विचारा. कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, कुठलं औषध बाहेरून आणायचं आणि कुठलं आतच फुकट मिळतं, हे गुपचूप सांगणारी पण तीच.

ती तिथे का गेली? आजोबा, तुमचा प्रश्न इथेच येतो. आम्ही एकेकाला विचारत गेलो. एकीच्या बापाच्या प्लॉटमध्ये फॉरेस्टने चर खणले, झाडं लावली आणि बापाला चोर ठरवून बाहेर काढलं. एकाची जमीन गवताच्या व्यापाऱ्याकडे गहाण होती, ती सुटलीच नाही. एक विधवा आहे, दिरांनी वाटा दिला नाही. वीटभट्टीवर जाऊन आलेले आहेत, रेतीवर जाऊन आलेले आहेत. जमीन असती तर त्यातलं कुणी फरशी पुसायला गेलं नसतं. हा जमिनीचाच लढा आहे, फक्त जमीन गेल्यानंतरचा.

आता तिथलं काम कसं चालतं ते ऐका. पाळी आठ तासांची लिहिलेली, करून घ्यायची बारा तास. बदलीवाला आला नाही तर सलग चोवीस. पगाराच्या कागदावर जास्त आकडा, हातात कमी. सही किंवा अंगठा आधी घेतात, पैसे नंतर मोजतात. आठवड्याची सुट्टी मागितली तर पगार कापतात.

एका मावशीच्या बोटात कचऱ्यातली सुई घुसली. हातमोजे मागितले होते, तर म्हणाले, ते ऑपरेशनसाठी आहेत. पुढे काही महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. त्याच दवाखान्यात दाखवलं, तेव्हा तिच्याकडून केसपेपरचे पैसे घेतले, औषधाचे पैसे घेतले, आणि घरी पडून होती तेवढ्या दिवसांचे खाडे मांडले. कावीळ सुईमुळे झाली असं लिहून द्यायला कुणी तयार नाही. ती वाचली. पण तेव्हापासून तिला जड उचलवत नाही, आणि दवाखान्यात हलकं काम असं काही नसतंच.

आणखी एक युक्ती. सात महिने झाले की 'ब्रेक'. म्हणजे घरी पाठवायचं. पंधरा दिवसांनी, महिन्याने परत बोलवायचं, आणि मस्टरवर दुसरं नाव लावायचं. एका बाईला तिसऱ्या वेळी तिच्या मेलेल्या सासूचं नाव लावलं होतं. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हीही हसलो होतो, ती हसली नव्हती. हजेरी घेताना सासूच्या नावाने "हजर" म्हणायचं, सहा महिने.

हे असं का करतात? कारण बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने एक वर्षाची सलग नोकरी धरतात. मग त्या माणसाला उठ म्हटलं की उठवता येत नाही. कलमं लक्षात ठेवू नका, आम्हालाही सगळी येत नाहीत. पण २४० हा आकडा घरी घेऊन जा. तुमच्यातलं कुणी कुठेही रोजावर असेल, फॉरेस्टच्या नर्सरीत असेल, तर भिंतीवर कोळशाने रेघा मारा पण दिवस मोजा.

गेल्या वर्षी ह्या माणसांनी युनियन करायचं ठरवलं. आम्ही ठरवलं नाही, त्यांनी ठरवलं. आमच्याकडे ते फक्त अर्ज लिहून घ्यायला आले होते, कारण आमच्यात बारावी झालेले आहेत आणि तहसीलात खेटे मारून मारून आम्हाला अर्जाची भाषा येते. पहिली बैठक लाँड्रीच्या मागे झाली, चादरी वाळत घालतात तिथे. ओल्या चादरींच्या दोन रांगांमध्ये उभं राहिलं की ऑफिसच्या खिडकीतून दिसत नाही. रात्रपाळीचे निघत होते, सकाळचे येत होते, त्या वीस मिनिटांत बैठक. दुसरी पण तशीच. तिसऱ्या वेळी पाऊस आला, चादरी आत नेल्या आणि बैठक मोडली.

१९२६ चा ट्रेड युनियन कायदा २०२५ पर्यंत लागू होता, इंग्रजांच्या वेळचा. त्यात असं होतं की सात माणसांनी सह्या केल्या तर युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येत होता. सात. एवढे लोक तिथे राबतात, आणि सात नावं मिळेनात. प्रत्येक जण म्हणायचा, मी आहे, पण आठवा. शेवटी ती कावीळ झालेली मावशी पुढे आली. अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाली, "घेऊन घेऊन काय घेतील माझं? बादली ना?" मग बाकीचे सहा झाले. त्यात दोन वॉर्डबॉय, एक लाँड्रीवाला, एक ड्रेसर, दोन आया. महिन्याला दोन रुपये वर्गणी ठरली, पावतीपुस्तक छापलं.

पावतीपुस्तक आलं त्याच आठवड्यात वर कळलं. कसं कळलं ते आम्हाला माहीत आहे, पण तो माणूस आता युनियनमध्ये आहे, म्हणून सोडून देऊ.

आधी गोड बोलले. एकेकाला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. वर्षानुवर्षं ज्यांना त्या खोलीत फक्त झाडू घेऊन जाता येत होतं, त्यांना खुर्ची. ट्रस्टचे मोठे साहेब म्हणाले, "हा दवाखाना आहे, गिरणी नाही. इथे धंदा चालत नाही, सेवा चालते. तुम्ही कामगार नाही, तुम्ही सेवेकरी. आणि मी काही मालक नाही, मी पण सेवकच." सेवेचं बिल आपल्याला येतं तेव्हा बकरी विकावी लागते, हे त्यांना कुणी तिथे म्हणालं नाही. खुर्चीत बसल्यावर बोलायचं सुचत नाही, असं एक वॉर्डबॉय आम्हाला नंतर म्हणाला.

मग गोड संपलं. ठाकरांना सांगितलं, युनियन कातकऱ्यांची आहे. कातकऱ्यांना सांगितलं, वारली तुम्हाला पुढे करून मागे राहणार. सिस्टर लोकांना सांगितलं, उद्या ह्या मावश्या तुमच्या डोक्यावर बसतील. सह्या करणाऱ्यांना कायमची रात्रपाळी लावली. एकाच्या पिशवीत सलाईनच्या बाटल्या सापडल्या, आणि ज्या वॉचमनने त्या शोधल्या त्यालाच आधी कुठे आहेत ते माहीत होतं. आपल्या सरपंचांना पत्र आलं की बाहेरचे लोक येऊन साध्याभोळ्या आदिवासींना भडकवत आहेत. हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? रेंजर साहेब आपल्या मोर्चाच्या वेळी हेच म्हणाले होते, शब्दाला शब्द. रेंजर आणि ट्रस्टचे साहेब एकमेकांना ओळखतही नसतील.

मग सगळ्यांत मोठं अस्त्र काढलं. एका सकाळी नोटीस लावली की सफाई, लाँड्री आणि वॉर्डचं काम कंत्राटदाराला दिलंय, ही माणसं दवाखान्याची नाहीतच. कंत्राटदार कोण? कुणी पाहिलेला नाही. माणसं तीच, बादल्या त्याच, शिव्या देणारा मुकादम तोच. फक्त कागदावर ती परकी झाली. आपल्या प्लॉटवर आपण तीन पिढ्या नागली काढतो आणि कागदावर तिथे 'जंगल' असतं, तसं.

इथे आपला जमिनीचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला, हे सांगायला आम्हाला बरं वाटतं. आपल्या दाव्यांना पुरावा काय लावला आपण? फॉरेस्टने केलेल्या दंडाच्या पावत्या. गार्डने 'अतिक्रमण' म्हणून आपल्या आजाला दंड केला, त्या पावतीवर तारीख आहे, जागा आहे. म्हणजे आजा त्या साली त्या जागेत कसत होता हे फॉरेस्टनेच लिहून दिलं. आम्ही मावश्यांना विचारलं, तुम्हाला कधी मेमो मिळालाय? एकीने पत्र्याची पेटी उघडली. उशिरा आली म्हणून मेमो, उलट बोलली म्हणून मेमो, फरशी ओली ठेवली म्हणून मेमो. प्रत्येकावर दवाखान्याचा शिक्का आणि मेट्रनची सही. आता सांगा, बाई कंत्राटदाराची, मग तिला मेमो दवाखाना कसा देतो? वकील ताई ते मेमो बघून इतक्या खूश झाल्या की मावशीला वाटलं काहीतरी चुकलं.

वकील ताईंनी शिबिरात एक जुनी गोष्ट सांगितली. आम्ही ती वहीत उतरवून घेतली, ती इथे सांगतो, कारण 'दवाखाना म्हणजे सेवा' हे उत्तर आजचं नाही.

मुंबईला जे. जे. हॉस्पिटल आहे. आपल्यातले काही तिथे पेशंट घेऊन गेलेले आहेत. १९५४ साली तिथल्या दोन वॉर्ड सर्वंट बायांना कामावरून काढलं. कारण काय? सरकारच्या नागरी पुरवठा खात्यातली माणसं कमी करायची होती, त्यांना कुठेतरी बसवायचं होतं, म्हणून ह्या दोघींना उठवलं. त्याच्या वर्षभर आधी, १९५३ साली, औद्योगिक विवाद कायद्यात एक दुरुस्ती झाली होती. कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी भरपाई, तीसुद्धा काढतानाच हातात. ह्या बायांना भरपाई दिली नव्हती. त्यांच्या मागे युनियन होती, हॉस्पिटल मजदूर सभा. ती हायकोर्टात गेली.

सरकार काय म्हणालं? हे हॉस्पिटल आहे, इथे नफा नाही, आजाऱ्यांची सेवा आहे, डॉक्टरकीच्या मुलांचं शिक्षण आहे. हा उद्योग नव्हे, म्हणून कामगारांचा कायदा इथे लागत नाही. हायकोर्टाने बायांचं म्हणणं धरलं. दोन वॉर्ड सर्वंट बायांसाठी अख्खं मुंबई सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १९६० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दवाखाना हा कायद्याच्या अर्थाने उद्योग आहे, नफा असो वा नसो, आणि भरपाई दिल्याशिवाय काढलं ते काढणं रद्द. सहा वर्षं लागली. सहा वर्षं त्या दोघींनी काय खाल्लं असेल ते निकालात लिहीत नाहीत.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. १९७० साली सुप्रीम कोर्टाच्या सहा जजांनी, दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलच्या केसमध्ये, उलटं सांगितलं की १९६० चा निकाल चुकला होता, हॉस्पिटल उद्योग नाही. झालं. आठ वर्षं देशातल्या सगळ्या वॉर्डबॉय आणि आयांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं. १९७८ साली बंगलोरच्या पाणीपुरवठ्याच्या केसमध्ये सात जज बसले आणि त्यांनी पुन्हा सरळ केलं. माणसं लावून, पद्धतशीरपणे लोकांच्या गरजेचं काम चालवलं जातं, तो उद्योग. मग त्याला सेवा म्हणा, धर्मादाय म्हणा. मग १९८२ साली पार्लमेंटने कायदा बदलून हॉस्पिटलांना वगळलं. पण तो बदल लागू करायची तारीख सरकारने कधीच जाहीर केली नाही. म्हणजे कायदा पास झाला आणि लागू झाला नाही. वकील ताई हसून म्हणाल्या, सरकारलाही पुढे पडायची लाज वाटत असावी. आम्हाला लाजेचं कारण पटत नाही, पण तेवढ्याने आपलं काम चाललं.

आता आजोबा, तुमच्यासाठी. हा निकाल आपल्या कसा कामी येतो? आपल्यातल्या बाया फॉरेस्टच्या रोपवाटिकेत माती चाळून पिशव्या भरतात, खड्डे खणतात, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालतात. पाच-पाच, सात-सात वर्षं तेच काम, आणि दर वर्षी 'नवीन'. पुण्याजवळ पाचगाव पर्वतीला वनीकरणाच्या कामावर असेच मजूर होते. ते कोर्टात गेले. फॉरेस्ट खातं म्हणालं, झाडं लावणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, हा उद्योग नाही. सार्वभौम म्हणजे सरकारशिवाय दुसरं कुणी करूच शकत नाही असं काम, जसं सैन्य किंवा कोर्ट. खड्डे खणणं सार्वभौम! डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने खात्याचं म्हणणं फेटाळलं. वर्षानुवर्षं काम करून घ्यायचं आणि कायम करायचं नाही ही आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे, असं सांगितलं, आणि मजुरांना कायम करण्याचा हुकूम टिकला. त्या निकालाच्या मुळाशी तोच १९७८ चा निकाल आहे. म्हणजे जे. जे. च्या दोन बायांपासून सुरू झालेली वाट आपल्या रोपवाटिकेपर्यंत येते. आपण अजून त्या वाटेने चाललेलो नाही, ही गोष्ट वेगळी. त्यावर पुढच्या अंकात लिहू. तोपर्यंत एक ध्यानात असू द्या. मालकाने अशी काही आगळीक केली तर तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. "पाऊस होऊ दे, मग बघू" म्हणाल तर मुदत जाईल.

आता जे बोलायला अवघड आहे ते.

गेल्या श्रावणात दवाखान्यात संप झाला. मागण्या साध्या होत्या. मस्टरवर खरं नाव, आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी, हातमोजे आणि बूट, सरकारने ठरवलेला किमान पगार. चौदा दिवस आधी रीतसर नोटीस दिली. संपात सुद्धा बाळंतपणाची खोली, अपघाताचे पेशंट आणि ऑपरेशन एवढी कामं युनियनची माणसं पाळीपाळीने, बिनपगारी करणार असं ठरलं, आणि तीन दिवस त्यांनी ती केली. चौथ्या दिवशी फाटक बंद. संपकरी आत नकोत म्हणून दवाखान्यानेच त्यांना अडवलं, आणि शहरात बोर्ड लावला की संपकऱ्यांनी पेशंट वाऱ्यावर सोडले.

त्या दिवसांत आपल्या गावचे एक बाबा आत होते. दोन दिवस त्यांची चादर कुणी बदलली नाही. त्यांचा मुलगा आज इथे आलाय आणि तो आमच्यावर रागावलेला आहे. त्याला आम्ही फाटकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, फाटक कुणी लावलं ते माझ्या बापाच्या पाठीला काय माहीत? त्याचं म्हणणं खोटं नाही. पुढच्या वेळी फाटकावर अडवलं तर काय करायचं, लेखी कुणाला द्यायचं, डॉक्टरांपैकी कुणाला आधी सांगून ठेवायचं, हे युनियनने त्याला सोबत घेऊन ठरवावं असं आम्ही सुचवलंय. तो बैठकीला गेला. रागातच गेला, पण गेला.

आणि त्याच चौथ्या दिवशी संध्याकाळी आपल्या पाड्यांवर टेम्पो आला. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. तीन पाड्यांवरून भरून गेला. चाळीस रुपये रोज आणि दोन वेळचं जेवण. आवणी आटोपलेली, नागली संपलेली, खावटी मिळालेली नाही, कामाला कुणी बोलवत नाही. श्रावणात चाळीस रुपयांना नाही म्हणणारा आम्हाला दाखवा. गेलेल्यांत आमच्यातल्या एकाचा सख्खा भाऊ होता. म्हणून आम्ही इथे उभं राहून कुणाला गद्दार म्हणणार नाही. आमच्या घरात त्या पैशाचे तांदूळ शिजले आणि ते आम्ही खाल्ले, तेव्हा कुठून आले ते विचारलं नाही.

टेम्पो फाटकातून आत जाताना बाहेर बसलेल्या मावशीने आपल्या भाच्याला ओळखलं. त्याने मान खाली घातली. तिने आधी विचारलं, "जेवलास का रे?" आणि मग शिवी दिली.

आत त्यांना कुणी काही शिकवलं नाही. एकाच्या पायावर संडास धुवायचं अॅसिड पडलं. सुया आणि कापूस एकाच बादलीत. अकराव्या दिवशी संप मिटला, तेव्हा टेम्पोवाल्यांना त्याच दुपारी घरी पाठवलं, आणि सहाच दिवसांचे पैसे दिले. बाकीचे कंत्राटदार देईल म्हणाले. कंत्राटदार अजून सापडायचा आहे.

संपाने काय मिळालं? मस्टरवर खरी नावं आली, हातमोजे आले, सुट्टी अर्ध्यांना मिळाली. आणि ज्या सात जणांनी अर्जावर सह्या केल्या होत्या ते सातही बाहेर. मोजून तेच सात. मावशीची बादली खरंच घेतली. आम्ही ९० दिवसांच्या आत तक्रार घातली. ह्या केसमध्ये दवाखाना एकच गोष्ट धरून बसलाय की ही माणसं आमची नव्हेत, कंत्राटदाराची होती.

म्हणून आज आम्ही तुमच्याकडे तीन गोष्टी मागायला आलो आहोत.

युनियनने पुन्हा नोटीस द्यायची तयारी ठेवलीय. पाऊस तोंडावर आहे, म्हणजे टेम्पो पुन्हा येईल. बसू नका म्हणणं सोपं आहे. त्यासाठी घरात काही असायला हवं हे आम्हाला कळतं. म्हणून प्रत्येक पाड्यावर ज्याच्याकडे आहे त्याने एक-एक पायली नागली किंवा भात आत्ताच बाजूला काढून द्यावं. ज्याच्याकडे नाही त्याने सुकट, लाकडं, जे असेल ते. अर्धं संपकऱ्यांसाठी, अर्धं टेम्पोत न बसणाऱ्यांसाठी. हिशोब बाया ठेवतील. गेल्या वेळी पुरुषांनी ठेवला होता, तो अजून लागलेला नाही.

दुसरं, सात जणांच्या घरी ह्या पावसाळ्यात चूल पेटती राहिली पाहिजे. त्यातल्या चौघांची घरं आपल्याच पाड्यांवर आहेत. लावणीला, कापणीला त्यांना आधी बोलवा.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते टेम्पोत गेलेल्यांसाठी आहे. तुम्हाला तिथे हजेरीची चिठ्ठी कोण देत होतं? दवाखान्याचा क्लार्क. शिक्का कुणाचा होता? दवाखान्याचा. पैसे कुठे मोजून दिले? दवाखान्याच्या खिडकीत. कंत्राटदार नावाचा माणूस तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिला का? हे जर तुम्ही कोर्टात उभं राहून सांगितलं, तर कंत्राटदाराचं सोंग तिथेच उघडं पडेल. मावश्यांचे मेमो एक बाजू आहे, तुमच्या चिठ्ठ्या दुसरी. मावश्यांच्या विरुद्ध तुम्हाला नेलं, आणि आता त्यांना सगळ्यांत उपयोगी पुरावा तुमच्याजवळ आहे. एकाची चिठ्ठी अजून कुडात खोचलेली आहे, आम्ही पाहिलीय. भिजू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वासाला टांगा.

ज्याचा भाऊ आमच्यात आहे तो तिकडे मागे, शेवरीखाली उभा आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. त्याला भीती आहे की संपवाले त्याला कोर्टाच्या दारात मारतील. मावशी आज इथे आलीय, ती पहिल्या रांगेत बसलीय, आणि भाषण संपलं की ती आणि आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत.

तारीख येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी आहे. एसटी सकाळी सहाची. भाकरी बांधून आणा, कोर्टाजवळ खानावळ महाग आहे.